नाही नऊ

"नाही एक, नाही दोन, नाही तीन," असं पुटपुटत हजान शिमशोनजींचं बोट सोफ्यावरून निघालं, प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून फिरलं, खिडकीपाशी जरा रेंगाळलं आणि 'नाही नऊ'वर येऊन अडकलं. पुढे माणूस नव्हता, फ्रिज होता. प्रार्थना सांगायला ठाण्याहून आलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी फ्रिजकडे अपेक्षेने पाहिलं, मग पुन्हा सोफ्यापासून सुरुवात केली. उत्तर तेच आलं.

माणसं मोजायची नसतात, मोजली की त्यांना काहीतरी होतं, म्हणून प्रत्येक आकड्याआधी 'नाही' लावायचं, ही पुगावकरांच्या घरात चालत आलेली रीत. शुलाला हा लहानपणापासून देवाला फसवण्याचा सगळ्यात आळशी प्रकार वाटत आला होता. ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. दिवसभर पेशी मोजायची आणि एकाही पेशीला 'नाही' म्हणायची नाही.

पण आज तिला दहा हवे होते. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि दहा बाप्ये जमल्याशिवाय मेलेल्या माणसासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणता येत नाही. दहाच, जिवंत, तेरा वर्षांवरचे आणि यहुदी. बायका पन्नास असल्या तरी उपयोग नाही. त्या मलिदा करायला. तिथीचा दिवस सूर्य मावळला की संपणार होता, म्हणजे सहा चाळीसला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दहावे म्हणून कल्याणच्या एका वृद्ध गृहस्थांनी शब्द दिला होता. त्यांच्या दाराला कुलूप होतं. दूधवाल्याने सांगितलं, ते मंगळवारीच इस्रायलला गेले, कायमचे. दूधवाल्याला सांगून गेले, समाजाला नाही. बहुधा दुधाची बाटली दारात राहिली असती, समाज काय, राहतोच.

यातली गंमत अशी, की दहावा माणूस ही पुगावकरांच्या घरची गोष्ट होती. दाविद पुगावकर, म्हणजे शुलाचे बाबा, तीस वर्षं ठाण्याच्या सिनेगॉगचे दहावे होते. कधी तिथे सहा जमायचे, कधी चौदा, पण नऊ झाले की फोन शहाडला यायचा, आणि पुढे पुढे तर फोनची वाट न बघता ते दर शनिवारी सकाळी निघायचेच. शब्बाथला गाडीत बसू नये हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, दहा झाले नाहीत तर नियम पाळायला उरणार कोण? आंबिवलीच्या गिरणीत ते साधे फिटर होते. बढती त्यांना कधी मिळाली नाही. ठाण्यातही मिळाली नाही, दहाव्याचे नववे कधी झाले नाहीत.

आणि आता त्यांच्याच कद्दिशला ते तेवढे कमी पडत होते.

"पाहुण्यांसमोर शोभतं का हे," मोठेकाका म्हणाले.

मोठेकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ मोझेस पुगावकर. सरकारी नोकरीतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी माजिवड्याला एकोणिसाव्या मजल्यावर घर घेतलं आणि तिथूनच 'अस्मिता समिती' स्थापन केली. समितीचं काम अस्मिता टिकवणं. आजच्या कार्यक्रमाला त्यांनी एक पाहुणे आणले होते, परदेशातल्या कुठल्याशा यहुदी केंद्राचे नोआम. तिशीतला, दाढीवाला, अतिशय सभ्य मुलगा. छोटे छोटे यहुदी समाज आधुनिक जगात टिकतात कसे आणि कशासाठी, यावर त्याचा अहवाल चालला होता. त्याने आल्याआल्या सगळ्यांना पिवळ्या चिकटचिठ्ठ्या वाटल्या आणि त्यावर 'माझं प्रयोजन' लिहायला सांगितलं. मोठेकाकांनी 'दोन हजार वर्षांचा वारसा' असं लिहून खाली सही केली, तारीख घातली. त्यांचा मुलगा रूबेन, जो समितीचा डिजिटल संपर्कप्रमुख होता, त्याने 'कनेक्ट' लिहिलं. शुलाच्या एझ्रामामांनी लिहिलं, 'मनुक्यांचं सरबत.' ठाण्याहून टेम्पोतून आणलेल्या चौघांनी एकमेकांचं बघून लिहिलं, त्यामुळे चौघांचंही प्रयोजन 'शांती' निघालं. चिठ्ठ्या बाबांच्या फोटोखालच्या भिंतीवर चिकटवल्या होत्या आणि पंख्याच्या वाऱ्याने एकेक प्रयोजन गळून पडत होतं.

शुलाला चिठ्ठी मिळाली नाही. संपल्या होत्या.

चिठ्ठ्यांनंतर मोठेकाकांनी नोआमला पूर्वजांची गोष्ट सांगितली होती, जहाज फुटल्याची. कोकणच्या किनाऱ्यावर लागलेल्या लोकांचे ग्रंथ गेले, भाषा गेली, तेल गाळून पोट भरू लागले, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. दारफाळणीच्या सणाला, ज्याला जग योम किप्पूर म्हणतं, दारं लावून घ्यायची, दिवसभर आत उपास करायचा, बाहेरच्याला तोंड दाखवायचं नाही. "सगळं विसरले, पण दार लावायला विसरले नाहीत," असं मोठेकाका टाळीच्या जागी थांबून म्हणाले होते. नोआमने वहीत दाराचं चित्र काढलं.

तर नऊ. उपाय सुरू झाले.

रूबेन म्हणाला, जोएलला टीव्हीवर घेऊ. जोएल हा शुलाचा भाऊ, इस्रायलला लोद शहरात गोदामात कामाला. तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर दहा माणसं मिळतात, म्हणून तिकडे कुणाला जायची घाई नसते. बापाच्या वर्षाला जोएलची शिफ्ट होती आणि त्याने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करीन असं कळवलं होतं. हजानांनी मान हलवली. काचेतला माणूस धरत नाहीत. ठाण्याच्या चौघांपैकी एकाने विचारलं, तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाचं कपाट उघडलं तर ते दहावं धरतात ना? धरतात असं कुणीतरी ऐकलं होतं, पण या घरात तोरा नव्हती. कपाट होतं, त्यात चादरी होत्या.

मग शेजारच्या राजरत्नचा विषय निघाला. राजरत्न कांबळे समोरच्या दारात राहायचा, बाबांचा पत्त्यांचा जोडीदार. गेली वीस वर्षं या घरातल्या प्रत्येक कार्याला डोक्यावर रुमाल टाकून बसलेला. शेमाची प्रार्थना त्याला तोंडपाठ होती, रूबेनला नव्हती. तो उंबऱ्यात उभा राहून नम्रपणे म्हणाला, माझी काही हरकत नाही. हजानांनी त्याच्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं, की राजरत्ननेच त्यांना पाणी आणून दिलं.

नोआमला हे सगळं फार आवडत होतं. यहुदी कोण, हा प्रश्न एका छोट्या बैठकीच्या खोलीत असा जिवंत झालेला त्याने पूर्वी पाहिला नव्हता. तो भराभर लिहीत होता.

शुला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत आई, हन्नाबाई, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे स्टुलावर बसून मलिद्याच्या परातीत खोबरं कालवत होती. भिजवलेले गोड पोहे, काजू, बेदाणे, वर पाच फळं. आई आज सकाळपासून एकच वाक्य बोलली होती: इथंच व्हायला हवं, ज्या घरातून तो तीस वर्षं निघाला त्या घरात. ठाण्याला नको.

शुला म्हणाली, "दहावा आहे की. आंबिवलीला."

पंखा आणि एक प्रयोजन, एवढाच आवाज झाला.

आंबिवलीला अबनेर राहत होता. तिघा भावांत धाकटा. चाळीस वर्षांपूर्वी त्याचं लग्न हन्नाबाईंच्या धाकट्या बहिणीशी, मिल्काशी ठरलं होतं. सुपाऱ्या फुटल्या, साड्या घेतल्या, आणि आठ दिवस आधी तो वसईच्या जोविटाशी रजिस्टर लग्न करून मोकळा झाला. चर्चवाल्या जोविटाशी. वर तिच्या हातचे सोडे खाल्ले, असं कुणीतरी पाहून आलं. लग्नाचं एक वेळ मिटलं असतं. सोड्यांचं मिटलं नाही. खवले नसलेलं काही पोटात गेलं, हे कुटुंबाला फार लागलं. मोठेकाकांनी सिनेगॉगच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात नोटीस लावली: 'सदर इसमाचा समाजाशी कोणताही संबंध राहिलेला नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.' घरातल्या ग्रुप फोटोतून त्याला कापलं. नीट कापता न आल्यामुळे मोठेकाकांच्या खांद्यावर अजून चार बोटं राहिली होती. बाबांच्या दफनाला तो आला होता, कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला आणि माती झाल्यावर निघून गेला.

एझ्रामामा लाल झाले. मिल्का त्यांचीही बहीण. त्यांनी सांगितलं, तो माणूस यहुदी नाही. मोठेकाकांनी सांगितलं, कागदोपत्री नाही. मग सगळ्यांनी हजानांकडे पाहिलं. हजान बराच वेळ डोळे मिटून बसले, चौघांना वाटलं झोपले.

"आई यहुदी होती ना? मग तो यहुदी आहे," ते म्हणाले. "यातून काढता येत नाही. त्याला राजीनामाही देता येत नाही."

"मग चाळीस वर्षं तो फळा कशाला होता?" रूबेनने विचारलं. हा त्याच्या आयुष्यातला पहिला चांगला प्रश्न होता, आणि बापाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो शेवटचाही ठरावा.

मोठेकाका खिडकीशी गेले. नोआमच्या अहवालात 'कल्याण परिसरात प्रार्थनेला दहा माणसं जमत नाहीत' हे वाक्य त्यांना दिसत होतं, सहीसकट. वळून ते म्हणाले, मूळ आदेश कायम राहील. पण आजच्या दिवसापुरती, सहा चाळीसपर्यंत, त्याला स्थगिती देता येईल.

शुलाने चपला घातल्या.

शहाडहून आंबिवली रिक्षाने वीस मिनिटं. अबनेरकाकाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली: पंखे दुरुस्ती. छताला अकरा पंखे टांगले होते आणि एकही फिरत नव्हता. काका बनियनवर, मांडीत मोटर घेऊन बसला होता. वर पाहिलं आणि त्याने मोटर खाली ठेवली.

"वर्ष ना आज," तो म्हणाला.

तिने सांगितलं काय हवंय ते. स्थगितीचंही सांगितलं, कारण पुढे त्याला कळलंच असतं. तो हसला नाही. आतून जोविटाकाकू हात पुसत आली, ठेंगणी, ठसठशीत, गळ्यात बारीक क्रूस.

"काय गो, तुमच्याकडे माणूस मेल्यावरच आमचा पत्ता सापडतो?"

शुला दाराशीच्या बाकावर बसली.

"दाविदला सापडायचा," काकू म्हणाली. "दर शनिवारी."

मग कळलं ते असं. ठाण्याहून परतताना बाबा शहाडला उतरायचेच नाहीत. एक स्टेशन पुढे यायचे. इथे या बाकावर बसून चहा प्यायचे, तासभर भावाशी कशावरून तरी भांडायचे, आणि मागे फिरायचे. तीस वर्षं. घरी सांगायचे, प्रार्थना लांबली. शुलाला आठवलं, की लहानपणी तिला वाटायचं ठाण्याचा देव फार बोलतो.

"तो सांगायचा, आज किती होते," अबनेरकाका म्हणाला. "सात, नऊ, कधी बारा. मी विचारायचो, माझ्यावाचून अडलं का? तो म्हणायचा, नाही रे, मी आहे ना." त्याने हात पुसायला फडकं घेतलं आणि हात आधीच पुसलेले होते. "आता अडलं."

त्याची एकच अट होती. जोविटा बरोबर येईल, आणि ती पुढच्या दाराने येईल. काकू म्हणाली, मला काय करायचंय तिथे, माझी संध्याकाळच्या प्रार्थनेची माळ राहील. पण साडी बदलायला ती तेवढ्यात आत गेलीसुद्धा होती.

पाच चाळीसला रिक्षा शहाडला परत आली.

दोघं पुढच्या दाराने आत आले. चौघे ठाणेकर उभे राहिले, मग आपण का उभे राहिलो ते न कळून बसले. हन्नाबाई स्वयंपाकघराच्या दारातून दिराकडे बघत राहिल्या. "या भावजी," एवढंच म्हणाल्या, आणि जोविटाला हाताला धरून आत घेऊन गेल्या, जणू ती उशिरा आलेली मदतनीस होती. हजानांचं बोट सोफ्यावरून निघालं. नाही एक. नाही दोन. यावेळी फ्रिजपाशी अबनेरकाका उभा होता, ढगळ, डांबरगोळीच्या वासाची टोपी घालून.

"नाही दहा," हजान म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एझ्रामामा उठले. "मी याच्याबरोबर मोजला जाणार नाही," असं म्हणून ते जिन्यावर जाऊन बसले.

नऊ.

आईने मलिद्याचे हात तसेच ठेवून फोन मागवला आणि शुलाला मिल्कामावशीला लावायला सांगितलं. तिकडे इस्रायलला, बीरशेबात दुपार होती. मावशी केस रंगवत होती, डोक्यावर पिशवी. जिन्यात एझ्रामामांसमोर फोन धरला गेला. आईने विचारलं, अबनेरवर तुझा अजून राग आहे का, इकडे एझ्रा तुझ्यासाठी जिन्यात बसलाय.

"कोण अबनेर?" मावशी म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "अगं तो पंखेवाला? तो आहे अजून?" आणि मागून कुणीतरी आवाज दिला म्हणून तिने फोन ठेवला.

चाळीस वर्षं बहिणीचा अपमान जपून ठेवलेल्या माणसाला, बहिणीनेच तो कधीच भंगारात दिल्याचं कळलं, की तो जसा दिसेल तसे एझ्रामामा दिसले. ते आत येऊन मुकाट्याने बसले. शुलाला त्यांची कीव यायला हवी होती. तिने घड्याळ पाहिलं. सहा पाच.

हजानांनी पुस्तक उघडलं. तेवढ्यात मोठेकाकांनी नोआमसाठी चार शब्द बोलायचं ठरवलं. समाज किती उदार आहे, चुकलेल्यालाही प्रसंगी कसं सामावून घेतो, वगैरे.

"चुकलेला कोण?" अबनेरकाकाने शांतपणे विचारलं. "मी तुझ्या घरी आलेलो नाही. मी दाविदच्या घरी आलोय. तुझं अक्षर मात्र छान होतं हं फळ्यावर."

आता मोठेकाका बाहेर गेले. नऊ. रूबेन त्यांना आणायला गेला. आठ. बाप परतला, मुलगा जिन्यात फोनवर राहिला. नऊ. रूबेन आला तेव्हा अबनेरकाका उठून चप्पल शोधत होता. राजरत्न जिन्याच्या कठड्याला टेकून हे सगळं बघत होता; तो म्हणाला की बाबा असताना पत्ते पिसायलासुद्धा इतका वेळ लागत नव्हता. नोआमची वही संपली होती आणि तो हातावर लिहीत होता. हजानांचं बोट बिचारं वर-खाली होत राहिलं, कुणी एक आत आला की कुणी एक बाहेर, जसं काही खोलीनेच ठरवलं होतं, की नऊच्या वर माणसं मावणार नाहीत. गेल्या वर्षभरात ठाण्याचीही हीच तक्रार होती. नऊ जमतात, म्हणे. दहावा कुठे जातो कळत नाही.

शुलाला कळत होतं. दहावा भांडायला जातो. बाबा तेवढे भांडण एक स्टेशन पुढे नेऊन करत, प्रार्थना झाल्यावर.

सहा बावीस. खिडकीतून येणारं ऊन बाबांच्या फोटोवरून सरकून चादरींच्या कपाटावर गेलं होतं. एझ्रामामा पुन्हा जिन्यात होते, यावेळी निव्वळ सवयीने. मोठेकाका आत होते, पाठ फिरवून. अबनेरकाकाला एक चप्पल सापडली होती आणि दुसरीसाठी तो वाकला होता.

शुला जिन्यात गेली. "मामा, तुमचं सरबत आत गरम होतंय," ती म्हणाली.

हे खरं होतं. एझ्रामामा आत गेले.

ती आत डोकावली. आई आणि जोविटाकाकू मलिद्याची परात दोन्ही बाजूंनी धरून दारापाशी आल्या होत्या. आईला ती समोर ठेवायची होती. शुलाने दोघींना परातीसकट बाहेर जिन्यावर घेतलं. आई म्हणाली, अगं कुठे. शुलाने घाईने मनात मोजलं, 'नाही' न लावता. एक ते दहा.

तिने दार ओढलं, बाहेरची पितळी कडी घातली आणि वर कुलूप लावलं. ही कडी बाबांनीच बसवली होती, गिरणीतल्या भंगारातून, घराच्या मानाने फारच मजबूत. मग सवयीने तिचा हात चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनाच्या छोट्या डबीला लागला आणि ओठांकडे गेला. आपण काय केलं हे तिला त्यानंतर कळलं.

आतून मोठेकाकांचा आवाज: कुणीतरी दार लावलंय. मग थापा. मग एझ्रामामांचा आवाज, की हवा कोंडतेय, जरी तीन खिडक्या उघड्या होत्या.

"शुला, उघड. काय पोरखेळ आहे हा?"

"आधी कद्दिश," शुला म्हणाली.

"अगं पाहुणे आहेत आत."

"ते धरूनच दहा होतायत, मोठेकाका."

मोठेकाकांनी तिला बरंच काही सुनावलं, तिच्या शिक्षणापासून सुरुवात करून. ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही. हन्नाबाई पायरीवर बसल्या, गुडघा लांब करून. बंद दाराकडे बघत त्या म्हणाल्या, की पूर्वी गावाकडे दारफाळणीला अशीच दारं लावायचे, फक्त आतून. नोआमचा आवाज आला, तो कुणाला तरी इंग्रजीत विचारत होता, ही प्रथा दरवर्षी असते का. कुणीही त्याला नाही म्हणालं नाही.

सहा एकोणतीसला हजानांनी पुस्तक उचललं असावं, कारण थापा थांबल्या. त्यांचा बारीक, फाटका आवाज दाराच्या फटीतून आला. प्रार्थना कोंडलेली माणसं करतात तशीच निघाली, म्हणजे भरभर. मग थोडा थांबा आला. मुलगा नसेल तर भावाने म्हणायचं असतं. इथे भाऊ दोन होते.

दोघांनीही एकदम सुरुवात केली. मोठेकाकांचा आवाज सरकारी, प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखा, अबनेरकाकाचा गंजलेला. दुसऱ्या ओळीत मोठेकाका अडखळले. समितीच्या कामात त्यांना बरीच वर्षं स्वतः प्रार्थना म्हणायला सवड झाली नव्हती. सदर इसमाने शब्द पुरवला. ते पुन्हा चालले. पुढे पुन्हा अडले, पुन्हा त्याने पुरवला. शेवटी शेवटी मोठेकाका फक्त त्याच्या मागून म्हणत होते.

"आमेन," आतून आवाज झाला.

"आमेन," जिन्यातून चौघांनी म्हटलं. राजरत्न सगळ्यात आधी, त्याला जागा माहीत होत्या. जोविटाकाकूने आमेन म्हणून छातीवर क्रूसाची खूण केली, मग ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती, आणि तिचा चेहरा कालवलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा आणि मऊ झाला होता.

सहा अडतीस.

"झालं," आतून मोठेकाका म्हणाले. आवाज बसला होता. "आता उघड, बाई."

शुलाने किल्ली काढली.

"थांब," आई म्हणाली. "मलिदा कुठंय?"

"हा काय, आपल्याजवळ."

"मग बसू देत त्यांना जरा."

आईने परातीवरचा रुमाल काढला. पहिली मूठ बायकांनी खाल्लेली या घरात कधी कुणी पाहिली नव्हती. राजरत्नने ओंजळ पुढे केली. जोविटाकाकूने घास घेतला, चावला, आणि कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसे डोळे बारीक केले.

"जायफळ कमी झालं," ती म्हणाली. "दाविद आणायचा त्यात जास्त असायचं."

म्हणाली आणि तिचा हात तोंडाशीच राहिला. शुलाने कठड्याकडे पाहिलं. आत कुणीतरी दारावर हळूच एक टकटक केली आणि सोडून दिलं.

हन्नाबाई आणखी एक घास चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून तर मी दोन डबे भरून द्यायचे. ठाण्याला मलिद्याचे दोन डबे कोण नेतं?"

"वहिनी, तुम्हाला—"

"डबा धुतलेला यायचा गं. त्याला जन्मात कधी भांडं धुता आलं नाही."

जोविटाकाकू पायरीवर बसली, हन्नाबाईंच्या शेजारी, लांब केलेल्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशी. दोघींच्या मध्ये परात होती. आतून सरबताच्या ग्लासांचा आवाज येऊ लागला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे, कुणीतरी हसल्याचा. बहुतेक रूबेन. नाही, मोठेकाका.

आईने परातीत बोट फिरवून पुन्हा चव पाहिली.

"बरोबर आहे हिचं," ती म्हणाली. "जायफळ कमीच आहे. कुठे ठेवलंस, शुला?"

"आत आहे. मसाल्याच्या डब्यात."

हन्नाबाईंनी दाराकडे पाहिलं, मग परातीकडे, आणि सुस्कारा टाकला.

"मग उघड."